पहिली गिटार घरी बनवायची म्हणताय? मग लाकूड घ्यायच्या आधी खोलीतला ओलावा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात एक छोटी खोली मोकळी आहे, रंधा-पटाशी-करवत बऱ्यापैकी चालवता येते, एखाद-दुसरं फर्निचर स्वतः केलंय, आता स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार बनवायची आहे, तर लाकूड कुठलं घ्यावं, ब्रेसिंग, म्हणजे टॉपला (गिटारच्या वरच्या पाटीला) आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, किती तासावं आणि शेवटी फॅक्टरीच्या गिटारसारखी चकचकीत फिनिश घरच्या घरी कशी आणावी. बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा पाल्हाळ लावून उत्तर देतो, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो. हौशी लोकांच्या गिटार माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातली लाकूड वाईट होतं म्हणून बिघडलेली क्वचितच असते. टॉप फाटलेला असतो किंवा फुगलेला असतो, नेकचा (मानेचा) बॉडीशी कोन चुकलेला असतो, नाहीतर जाड पॉलिशखाली आवाज गुदमरलेला असतो. या तिन्ही गोष्टी पैशाने सुटत नाहीत, मोजमाप आणि वाट बघण्याने सुटतात, त्यामुळे मी त्यांच्यावरच जास्त बोलणार आहे आणि रोझेट (मधल्या भोकाभोवतीची नक्षी), बाइंडिंग (बॉडीच्या कडेची पट्टी), हेडस्टॉकवरचं (नेकच्या टोकावरचं) नाव वगैरे सजावटीला दोन ओळींत गुंडाळणार आहे.

तर ओलावा. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर आणा, खोलीत टांगा आणि आठवडाभर नुसते आकडे लिहून ठेवा. गिटारची बॉडी ४० ते ५० टक्के आर्द्रतेत जोडायची असते, ४५ धरून चाला. का, तर लाकूड लांबीत जवळपास हलत नाही पण रुंदीत हलतं. स्प्रूसचा ४०० मिमी रुंद टॉप ७० टक्के आर्द्रतेच्या खोलीत तयार केला आणि नंतर ती गिटार ४५ टक्क्यांच्या खोलीत गेली तर तो टॉप साधारण दोन मिमी आकसायला बघतो, पण त्याच्या आतल्या बाजूला आडव्या ब्रेसेस चिकटवलेल्या आहेत, त्या आकसत नाहीत, मग टॉप जातो कुठे, तडकतो. उलटं झालं, म्हणजे कोरड्यात बनवून दमट हवेत नेली, तर टॉप फुगतो, तारा उंच होतात, ते निदान परत खाली येतं. म्हणून दमट हवेच्या दिवसांत ब्रेसिंग चिकटवायचं नाही म्हणजे नाही. खोलीत डीह्युमिडिफायर लावा, किंवा एक मोठं लाकडी खोकं करून त्यात बारीक बल्ब लावून टॉप आणि ब्रेसेस दोन-चार दिवस ठेवा, आतला आकडा बघत राहा. नेक घडवणं, साचा बनवणं, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा पाडणं ही कामं कुठल्याही हवेत चालतात, ती त्या दिवसांत उरकून घ्या.

आता लाकूड. टॉपला स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडर, पहिल्या गिटारला स्प्रूसच, कारण सीडर इतकं मऊ असतं की नख लागलं तरी खड्डा पडतो. घेताना क्वार्टर-सॉन बघून घ्या, म्हणजे कडेवरून पाहिलं तर वर्षवलयांच्या रेघा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत, आणि रनआउट कमी पाहिजे, म्हणजे तंतू पृष्ठभागातून तिरके बाहेर पडता कामा नयेत. रेघा किती बारीक आहेत हे बघून लोक हुरळतात, मला त्यात फार अर्थ वाटत नाही. पाटी दोन बोटांत धरून वाकवून बघा, ताठ आणि हलकी असली म्हणजे झालं. बॅक आणि साइड्सना शिसवी, महॉगनी, मेपल, काहीही चालतं. शिसवी दिसते सुंदर पण तेलकट असते आणि तिचा रंग सुटतो, त्याची डोकेदुखी पुढे फिनिशिंगमध्ये येणार आहे. महॉगनी वाकायला सोपी, तासायला सोपी, पहिल्यांदा तीच घ्या असं माझं मत. ब्राझिलियन रोझवुडच्या नादी लागू नका, ते १९९२ पासून सायटिस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात आहे, आणि पहिल्या गिटारला त्याची गरजही नाही.

बॅक-साइड्सच्या लाकडावर लोक तासन् तास वाद घालतात म्हणून एक गोष्ट सांगतो. अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार बनवली, तिचा टॉप स्प्रूसचा आणि बाकी बॅक-साइड्स चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाज मुख्यतः टॉप ठरवतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. म्हणजे बॅकला काहीच महत्त्व नाही असं नाही, पण तुमचं बजेट आणि जीव कुठे घालायचा ते यातून कळतं.

प्लॅन छापील, फुल साइज घ्या, स्वतःच्या मनाने आकार काढू नका, निदान पहिल्यांदा तरी. ओएम किंवा ड्रेडनॉट (हे बॉडीचे दोन आकार), नेक १४ व्या फ्रेटवर बॉडीला जुळणारी, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४५ मिमी. फ्रेटचं गणित सोपं आहे, स्केलला १७.८१७ ने भागा, आला पहिला फ्रेट: ६४५ ला नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ३६.२० मिमी. उरलेल्या ६०८.८० ला परत १७.८१७ ने भागा, ३४.१७, म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून ७०.३७ वर. असं करत बाराव्याला बरोबर अर्धं, ३२२.५ आलं पाहिजे, नाही आलं तर कुठेतरी गडबड आहे. खुणा करताना मात्र प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा, या फ्रेटपासून त्या फ्रेटपर्यंत असं मोजत गेलात तर प्रत्येक खुणेची अर्ध्या केसाची चूक साठत साठत शेवटी कानाला ऐकू येईल इतकी होते. खाच पाडायची करवत ०.६ मिमी जाडीची लागते, साधी करवत चालणार नाही, फ्रेट ढिले बसतील.

साचा म्हणजे मोल्ड, प्लायच्या थरांचा, बाहेरून बॉडी धरून ठेवणारा. यात कंजुषी नको, साचा वेडावाकडा असेल तर गिटारही तशीच होणार.

साइड्स २ मिमीच्या आसपास आणा, शिसवीला २.२ वर थांबलात तरी चालेल. वाकवायला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप, आतून हीट गन, पाइप वाइसमध्ये घट्ट. आतून ज्योत सोडणारेही आहेत, पण बंद खोलीत भुशाच्या शेजारी मी ते करणार नाही. पाण्याचा थेंब टाकला की तो पसरायच्या आत नाचून उडाला पाहिजे, साधारण १५० अंश सेल्सिअस. पट्टी नुसती ओलसर करा, रात्रभर पाण्यात भिजत घालू नका, भिजवलेली पट्टी रुंदीत पन्हाळीसारखी वळते. गिटारच्या कमरेच्या वळणापासून सुरुवात करा. पट्टी पाइपवर टेकवून हलका दाब ठेवायचा आणि वाट बघायची, जोर लावायचा नाही, थोड्या वेळाने हाताखाली अचानक लाकूड सैल पडल्यासारखं होतं, तो क्षण कळतो, तेवढ्यात पट्टी हळूहळू सरकवत वळण घ्यायचं, आणि ती परत ताठ वाटायला लागली की थांबून परत पाणी, परत गरम. बाहेरच्या बाजूला पातळ पत्र्याची पट्टी धरली तर तंतू उचलत नाहीत. प्लॅनवर ठेवून बघत राहा, हव्या त्या वळणापेक्षा किंचित जास्त वाकवा कारण थंड झाल्यावर ते थोडं उघडतंच. दोन्ही साइड्स झाल्या की साच्यात दाबून एक दिवस तशाच ठेवा, मग पुढचा-मागचा ब्लॉक (साइड्स जिथे जुळतात तिथला आतला ठोकळा) आणि खाचा पाडलेलं लायनिंग (टॉप-बॅक चिकटवायला साइड्सच्या आतल्या कडेची पट्टी).

आता मुख्य विषय, टॉपची जाडी आणि ब्रेसिंग. आकडा पाहिजे तर घ्या, टॉप २.८ मिमी, कडेला २.५, बॅक २.५. पण आकडा ही फक्त सुरुवात असते कारण दोन स्प्रूसच्या पाट्या एकाच जाडीला एकसारख्या ताठ कधीच नसतात. इथे एक गणित डोक्यात पक्कं बसवा, ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिमीचा टॉप २.७ केला, तुम्ही म्हणाल दहा टक्केच कमी केला, पण ताठपणा २७ टक्के गेला. ब्रेसचंही तेच, उंची निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो, रुंदी निम्मी केली तर फक्त निम्म्यावर. म्हणून ब्रेस हलकी करायची तर रुंदीतून करा, ताकद ठेवायची तर उंची राखा. रंध्याचा प्रत्येक हात शेवटी शेवटी किती महाग पडतो हे या घनामुळे कळतं.

मी रंध्याने ३ मिमीपर्यंत येतो, मग पाटीवर पेन्सिलने चौकटी आखतो, प्रत्येक चौकटीत कॅलिपरचं माप लिहितो आणि तिथून पुढे स्क्रेपर. हात थांबवून पाटी वाकवून बघायची, आधी रेघांच्या दिशेने, मग आडवी. आडवी वाकवताना हाताला ती हळूहळू ऐकायला लागते. ठोकूनही बघा, वरच्या कोपऱ्याजवळ दोन बोटांत लोंबती धरून मध्ये बोटाच्या पेराने टकटक, सुरुवातीला उंच कोरडा आवाज येतो, जाडी उतरेल तसा तो खाली येतो आणि लांबतो. मात्र टॅप टोनचं फार गूढ करून ठेवलंय लोकांनी. अमुक स्वर आला पाहिजे असलं काही नाही, तुलना करायला एक साधन आहे, बस. पहिली गिटार किंचित जाडच ठेवा. जाड राहिली तर आवाज थोडा घट्ट येईल, पातळ झाली तर वर्षाभरात ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवतात त्या लाकडाच्या) मागे पोट येईल, म्हणजे टॉप फुगेल, आणि ते पोट काही परत जात नाही.

ब्रेसिंगला एक्स पॅटर्न, म्हणजे दोन मुख्य ब्रेसेस एकमेकींना छेदणाऱ्या, दुसरं काही करू नका. मजा म्हणजे हा एक्स मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने १८४० च्या दशकात वापरायला सुरुवात केली तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, त्यांच्याकडे स्टीलच्या तारा सर्रास झाल्या १९२० च्या दशकात, पण स्टीलचा ताण झेलायला हाच एक्स इतका योग्य निघाला की अजून त्याला तोड नाही. लाइट गेजच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या वर ओढतात, ते सगळं ओझं ब्रिजमार्गे या पातळ पाटीवर येतं. ब्रेससाठी स्प्रूसची पट्टी करवतीने कापलेली नको, पटाशीने फोडून घेतलेली घ्या, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड मिळतात. एक्सच्या पट्ट्या ८ मिमी रुंद, मध्यावर १५ मिमी उंच, खालची कड सपाट न ठेवता २८ फूट त्रिज्येच्या हलक्या कमानीत घासलेली. बॅकला १५ फूट त्रिज्या. ही कमान डोळ्यांना जेमतेम दिसते, पण दमट-कोरड्या हवेत टॉपला हलायला जागा तीच देते.

एक्सचा सांधा जिथे एकमेकांत बसतो तिथे फट राहू देऊ नका, सगळ्या टॉपचं बळ त्या एका सांध्यावर आहे, वरून पातळ लाकडी पट्टी किंवा कापडाचा तुकडा चिकटवून बंद करा. ब्रिजखालची प्लेट मेपलची, अडीच मिमीच्या आसपास. तासायचं किती, हा तुमचा खरा प्रश्न. ब्रेसेसची टोकं लायनिंगपाशी येईपर्यंत २ मिमीपर्यंत उतरवा, टॉपच्या कडा सैल पाहिजेत. मधला भाग, एक्स आणि ब्रिज प्लेटच्या आजूबाजूचा, ताठ ठेवा. स्कॅलप, म्हणजे ब्रेसला मध्ये खोलगट कमान देणं, पहिल्या गिटारला नको, सरळ उतार द्या. पटाशी धारदार पाहिजे, हातावरचे केस निघाले पाहिजेत इतकी, नाहीतर ती ब्रेस कापायच्या ऐवजी फाडते आणि एकदा हात सटकला की टॉपमध्येच घुसते.

गोंद: सगळीकडे लाकूडकामाचा पिवळा ॲलिफॅटिक गोंद, वॉटरप्रूफ नसलेला साधा प्रकार. फर्निचरचा पांढरा गोंद ब्रिजला आणि नेकच्या भागांना नको, सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. सरस, म्हणजे कातडी-हाडांपासून केलेला गोंद, उत्तमच, पण तो ६० अंशांवर गरम ठेवावा लागतो आणि लावल्यावर मिनिटभराच्या आत क्लॅम्प बसला पाहिजे, ती घाई पहिल्यांदा नको. इपॉक्सी आणि सुपरग्लू रचनेच्या सांध्यांना टाळा, गिटार कधीतरी उघडावी लागते आणि पिवळा गोंद किंवा सरस उष्णतेने सुटतो.

बॉक्स बंद करायच्या आधी आतनं हात फिरवून गोंदाचे ओघळ काढा, मोबाइलने आतले फोटो काढून ठेवा, नंतर ब्रेस कुठे आहे ते आठवत नाही. बाइंडिंगची खाच ट्रिमरने, गार्ड लावून, छोट्या छोट्या घासांत, स्प्रूस कड सोडून फाटतं. रोझेट साधं ठेवा. नवीन लोक रोझेटवर महिना घालवतात आणि नेकचा कोन संध्याकाळी दोन तासांत उरकतात, उलट पाहिजे.

तर नेकचा कोन. नेक बोल्टने जोडा, डव्हटेलच्या (पाचरीसारख्या खाचेच्या सांध्याच्या) मागे लागू नका, बोल्टवाली काढून परत परत बसवता येते आणि पहिल्या गिटारला तेच करावं लागतं. आत दोन्ही बाजूंना चालणारा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई. फ्रेट बसवलेल्या फ्रेटबोर्डवर लांब सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकावं किंवा मिलिमीटरभर वरून जावं, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) न धरता. खाली धडकलं तर कोन कमी आहे. आता हिशेब बघा, १४ व्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत अंतर आहे २८७ मिमी, त्यामुळे एक अंशाचा फरक तिथे जाऊन ५ मिमी होतो. हीलच्या (नेक बॉडीला टेकते त्या जाड भागाच्या) तळाशी तुम्ही १ मिमी लाकूड घासलं, हील साधारण ९५ मिमी खोल असेल, तर ब्रिजपाशी ३ मिमीचा फरक. म्हणून इथे पटाशी नाही वापरायची. हील आणि बॉडीच्या मध्ये सँडपेपरची पट्टी ठेवायची, घासणारी बाजू हीलकडे, नेक हलकी दाबून पट्टी ओढून घ्यायची, दोन्ही गालांवर सारख्या वेळा ओढायची, परत पट्टी ठेवून बघायचं. त्याच वेळी नेक डावी-उजवीकडे कलत नाही ना हे दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा. एक पूर्ण दिवस यालाच द्या. बॉक्सचा आकार इकडे-तिकडे झाला तर गिटार वाजते, कोन चुकला तर ती वाजवण्यासारखीच राहत नाही.

आता फिनिश. फॅक्टरीसारखी चमक म्हणताय, तर फॅक्टरीत बहुतेक वेळा दोन घटकांचं पॉलियुरेथेन किंवा यूव्हीने सुकणारं पॉलिएस्टर मारतात. दोन घटकांच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेनमध्ये) आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात, ते घरात स्प्रे करायची वस्तूच नव्हे, साधा मास्क त्याला पुरत नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकर सुंदर दिसतं पण स्प्रे बूथ लागतो, प्रचंड ज्वालाग्राही आहे, आणि दमट हवेत पांढरं पडतं. घरी, खोलीत, हाताने करण्यासारखं आणि आवाजाला सगळ्यात कमी त्रास देणारं म्हणजे लाखेचं फ्रेंच पॉलिश. थर पातळ बसतो आणि दुरुस्ती सोपी, कारण नवीन थर जुन्यात विरघळून मिसळतो. तोटा असा की घामाला आणि उष्णतेला लाख तितकीशी टिकत नाही, हाताचा कोपरा टेकतो तिथे काही वर्षांनी मंद पडते. म्हणून मी बॉडीला लाख आणि नेकला पातळ ऑइल-व्हार्निश पुसून लावतो. एक इशारा, जवसाच्या किंवा टंगच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पॉलिशच्या आधीची तयारीच खरी फिनिश ठरवते. १२० पासून २२० पर्यंत सँडपेपर, नेहमी रेघांच्या दिशेने, ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटांनी नाही, बोटांनी मऊ रेघा खोल जातात आणि कडक वर राहतात. मग खोलीतला मोठा दिवा बंद करून एक दिवा अगदी पृष्ठभागाला टेकून आडवा धरा, आडवे ओरखडे आणि गोंदाचे डाग लगेच दिसतील. गोंदाचा डाग कोरड्यात दिसत नाही, स्पिरिट पुसलं की फिकट ठिपक्यासारखा उठतो, तो आत्ताच खरवडून काढा, लाखेखाली तो कायमचा दिसत राहणार. शिसवीच्या भुशाने ॲलर्जी होते, मास्क लावाच.

शिसवीबद्दल मघाशी म्हणालो ते इथे. पांढऱ्या मेपलचं बाइंडिंग आणि शेजारी शिसवी असेल आणि तुम्ही स्पिरिटचा बोळा त्यावरून फिरवलात तर जांभळट तपकिरी रंग सुटून पांढऱ्या रेघेत ओढला जातो, जुन्या शाईसारखा, आणि तंतूंत शिरला की निघत नाही. म्हणून पहिल्यांदा बारीक ब्रशने फक्त पांढऱ्या रेघांवर पातळ लाख लावायची, घासायची नाही, एका हाताने सरळ ओढायची, दोन-तीनदा, सुकू द्यायची. मग शिसवीला, ब्रशनेच. टॉपलाही सीलर म्हणून एक पातळ हात, म्हणजे बॅकचा रंगीत भुसा स्प्रूसमध्ये शिरत नाही. तेलकट लाकडावर तेलाचं व्हार्निश सुकत नाही तिथेही मधे हीच लाख अडसर म्हणून कामी येते.

शिसवी आणि महॉगनीची छिद्रं भरावी लागतात, स्प्रूस आणि मेपलची नाही. पारंपरिक पद्धत प्युमिसच्या (ज्वालामुखीच्या दगडाच्या) पुडीने भरायची, मी पातळ सावकाश सुकणारी इपॉक्सी जुन्या प्लास्टिक कार्डाने रेघांना तिरकी ओढून भरतो, सुकल्यावर लाकडापर्यंत घासून काढतो, दोनदा. वर थर उरू द्यायचा नाही, फक्त छिद्रांत.

लाख चपडीच्या स्वरूपात घ्या, मेण काढलेली, बाटलीतली तयार नको, कारण विरघळवून सहा महिने ठेवलेली लाख कडक होत नाही, चिकट राहते. शंका असेल तर काचेवर थेंब टाका, रात्रभरात नख रुतेनासं झालं तर चांगली. सीलिंगला १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम, पॉलिशला २४ ग्रॅम. स्पिरिट शक्यतो मिथेनॉल नसलेलं, खिडकी उघडी, हातमोजे.

बोळा म्हणजे आत कापूस किंवा लोकरीचा गोळा, बाहेर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, तळाला एकही सुरकुती नको. आतल्या कापसात लाख घाला, कागदावर टेकवून बघा, ओला डाग न उमटता नुसता ओलसर ठसा उमटला पाहिजे. तळाला ऑलिव्ह तेलाचा एक थेंब. बोळा पृष्ठभागावर वरून ठेवायचा नाही, हलताहलताच टेकवायचा आणि हलताहलताच उचलायचा, मध्ये थांबला की चिकटला आणि खालचं कापडाचं जाळं छापलं. गोल, मग आठचा आकडा, मग सरळ. बरोबर चाललंय की नाही हे बोळ्याच्या मागे बघून कळतं, मागे काचेवर फुंकर मारल्यासारखा धूसर पट्टा उमटतो आणि दोन सेकंदांत विरतो. पट्टा ओला, चकाकता राहिला तर लाख जास्त आहे, उमटतच नसेल तर बोळा कोरडा. बोळा खेचायला लागला, हाताला चिकट जाणवलं की त्या दिवसाचं काम संपलं, अजून एक हात म्हणून लोभ धरलात तर खालचा मऊ थर उपसून येईल. रात्रभर थांबा. असे रोज थोडे थोडे थर चढवत जायचं, मध्ये एकदा-दोनदा बारीक पेपरने सपाट करायचं, शेवटी जवळजवळ नुसतं स्पिरिट घेतलेल्या बोळ्याने तेल काढून घ्यायचं. मग तीन-चार आठवडे टांगून ठेवा, त्या काळात लाख छिद्रांत थोडी बसते, शेवटची घासाई आणि चमक त्यानंतरच. काचेसारखी सपाट नाही येणार, जवळून थोडी लाकडाची लाट दिसेल, ती मला तरी आवडते.

ब्रिजच्या जागी लाख लावायचीच नाही. पॉलिशच्या आधी ब्रिजची जागा नक्की करून, त्याच्या आकारापेक्षा सगळीकडून मिलिमीटरभर लहान टेप तिथे चिकटवा. टेप आधी कापडावर एकदा चिकटवून त्याचा जोर मारा, नाहीतर काढताना स्प्रूसचे तंतू उचलतो. जागा ठरवताना सॅडल स्केलच्या बरोबर ६४५ वर नको, तार दाबली की ताणली जाऊन स्वर वर जातो, म्हणून बारीक ई तारेला साधारण २ मिमी आणि जाड ई तारेला साधारण ४-५ मिमी मागे, सॅडल तिरकी असते ती त्यामुळे. ब्रिजचा तळ टॉपच्या कमानीला जुळवून घासा, उघड्या लाकडावर उघडं लाकूड, गोंद, क्लॅम्प, चोवीस तास हात लावायचा नाही. पॉलिशवर चिकटवलेला ब्रिज कधी ना कधी उडतो.

फ्रेट सपाट करणं आणि गोल करणं नेहमीसारखंच, फ्रेटबोर्ड आबनूस किंवा शिसवी असेल तर त्याला लाख नको, तेलाचा हलका हात पुरे. हाडाचं नट, खाचा अशा खोल की तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसभर फट राहावी. नेकमध्ये रिलीफ, म्हणजे हलका बाक, ०.१ ते ०.२५ मिमी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड ई ला २.४ मिमी, बारीक ई ला १.८. कमी करायची असेल तर लक्षात ठेवा, बाराव्यावर अर्धा मिमी कमी करायला सॅडल एक मिमी उतरावी लागते. पहिल्यांदा तारा चढवताना एकदम पूर्ण सुरात नेऊ नका, दोन-तीन सूर खाली ठेवून एक रात्र जाऊ द्या, मग वर न्या. पहिल्या काही आठवड्यांत टॉप ताणाखाली थोडा वर येतो, नेकही किंचित पुढे येते, त्यामुळे सॅडल सुरुवातीला मुद्दाम थोडी उंच ठेवा आणि दोनेक महिन्यांनी, हायग्रोमीटर ४५ च्या आसपास असताना, शेवटच्या उंचीला घासा. तिच्या जोडीला दुसरी सॅडलही करून ठेवा, हवा दमट झाली की बुटकी आणि कोरड्यासाठी उंच, अशा दोन ठेवल्या की वर्षभर नेकला हात लावावा लागत नाही.